पहिल्या अंघोळीचा भार

कोणती वसाहत कधी किती वीज ओढेल, याचा अंदाज बांधणं हे सुमेधा तांबेचं पोटापाण्याचं काम. डच वीज वितरण कंपनीच्या हार्लेमच्या ऑफिसात या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे इतरांना ठाऊक होतं आणि तिला तर जरा जास्तच ठाऊक होतं. नुसता आलेख बघून ती बेकरीची भट्टी कधी पेटली ते सांगायची.

जवळच्या नीउ-व्हेनेप गावातल्या नव्या वसाहतीत, जिथे ती स्वतः राहायची, गॅस नव्हता. अंघोळीचं पाणीही विजेवरच तापायचं. तिथल्या ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती वीस ऑक्टोबरला पहाटे पाच ते सात अशी ठरली, कारण तेव्हा वसाहत ढाराढूर झोपलेली असते. तारीख ऐकली आणि सुमेधा तडक तिच्या बॉससमोर, मार्लीससमोर, जाऊन बसली. गेल्या वर्षी एकतीस ऑक्टोबरला पहाटे सहाला तिथली मागणी एकदम चढली होती आणि सगळ्यांनी तो मीटरचा बिघाड म्हणून सोडून दिला होता. बिघाड कसला, नरक चतुर्दशी होती ती. वसाहतीत साठ मराठी घरं, आणि सूर्य उगवायच्या आत उटणं लावून सगळ्यांची पहिली अंघोळ!

"यंदा तो दिवस वीस तारखेला आहे. सहाला मागणी दुप्पट होईल," ती म्हणाली. "नाही झाली, तर यापुढे माझा अंदाज विचारू नका."

मार्लीसने काम एक दिवस पुढे ढकललं. दुरुस्तीवाले वैतागले, ऑफिसात कुजबुज झाली. सुमेधाने कुणालाच भीक घातली नाही.

वीस तारखेला सहा वाजता ती लॅपटॉप उघडून बसली. रेषा सपाट. सव्वासहालाही सपाट. एवढ्या तोऱ्यात दिलेला शब्द गेला, या विचाराने तिला रडूच यायला लागलं.

तिचा नवरा निहार डोळे चोळत बाहेर आला. तिने स्क्रीन दाखवली.

"अगं, गेल्या वर्षी हिवाळ्याची घड्याळं आधीच एक तास मागे गेली होती, यंदा अजून जायचीत," तो म्हणाला. "आज सूर्य सव्वाआठला उगवणार. सहाला कोण उठतंय? मीसुद्धा साडेसहाचा गजर लावलाय."

साठ घरांचा हिशेब मांडणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात विचारलं नव्हतं. साडेसहाला रेषा हलली, आणि पावणेसातला दुप्पट झाली. सुमेधा मोठ्याने हसली.

मार्लीसचा मेसेज आला: पुढच्या वर्षी कधी?

सुमेधाने उत्तर पाठवलं, "तारीख आत्ता सांगते. वेळ घरी विचारून."

मग उटण्याची वाटी घेऊन ती अंघोळीला गेली.