माळकऱ्याचा पाव

आमच्या घरात पाव पहिल्यांदा मी भाजला. बेकरीत जाऊन शिकलो नाही. शाळाच दुसरीपर्यंत, तर दुसरं कोण काय शिकवणार! पण पिंपरीत आमच्या आळीत चुलीवर पाव फुगवला तो मी आणि माझ्या बायकोनं, आणि आजही कुणी म्हणालं की असं होत नसतं, तर मी त्याच्यासमोर पीठ मळायला बसतो.

छावणी नवी होती तेव्हाची गोष्ट. फाळणीत घरदार सुटलेली सिंधी माणसं तिथं राहायची आणि मी सायकलला किटल्या अडकवून त्यांना आमच्या म्हशीचं दूध घालायचो. त्या साली थंडीच्या सुरुवातीला आमच्या आबांना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण माणूस पार वाळलं. चिंचवडचे डॉक्टर म्हणाले, "आतडी कच्ची आहेत. भाकरीचा तुकडासुद्धा देऊ नका, जिवावर बेतेल. दूध-पाव द्या."

आबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मांस-मच्छी नाही, दारूचा वासही नाही. पाव म्हटल्याबरोबर ते बाजेवर उठून बसले.

"पाव? पायानं तुडवत्यात त्यो? आन फुगायला ताडी घालत्यात त्यो? त्यापरीस माळच तोडून टाक की माझी!"

तेव्हा सगळा गाव हेच मानायचा. पावाचं पीठ पायानं तुडवतात आणि ताडीनं फुगवतात. खरं-खोटं करायला बेकरीत कोण गेलंय! पेज आणि मऊ भात तर आबांना नजरेसमोर नको झाला होता. दोन घास पोटात गेले की तेवढेच बाहेर. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "ही एकादशी धरणार. आन बारशीला पारणं फेडायचं ते भाकरीवर. मग डाक्टर येऊ दे न्हाईतर त्याचा बाप."

आई रडायला लागली. त्यांचा शब्द फिरत नाही हे गोठ्यातल्या म्हशीलाही माहीत होतं. पण मीही त्यांचाच मुलगा. म्हणालो, "आबा, बारशीला तुमच्या ताटात पाव असंल. घरचा. हातानं मळल्याला. ताडीचा थेंब न्हाई."

"तू? तुला पाणी तापवता येतं का?"

बोलून तर बसलो! आता पाव कसा होतो ते कुणाला विचारायचं?

छावणीत एक म्हातारी बाई होती, मी तिला अम्मा म्हणायचो. तिच्या दारातून भाजलेल्या रोटीचा असा वास यायचा की माझी सायकल आपोआप हळू व्हायची. दूध मापता मापता तिला सगळं सांगितलं. ती आत गेली आणि झाकलेली वाटी घेऊन आली. झाकण काढलं तर आत पांढरा, बुडबुड्यांनी भरलेला लगदा. आंबूस-गोड वास.

"खमीर," ती म्हणाली. "मेरी माँ ऐसे ही बनाती थी. आटा, दही, सौंफ का पानी. ताडी-वाडी कुछ नहीं, पुट."

पुट म्हणजे तिच्या बोलीत पोरगा. मी वाटीत पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हे तर विरजणच! दुधाला लावतो तसं पिठाला लावायचं. ह्यात अवघड काय!

निघताना तिनं ती वाटीच माझ्याकडे दिली आणि हात धरला. "एक बात. फूले हुए आटे को छूना नहीं. वो सोता है. सोए को कोई मारता है क्या?"

घरी आलो ते पॅडलवर उभा राहूनच. बायकोनं गव्हाचं पीठ जुन्या मऊ लुगड्यातून चाळलं, मैद्यासारखं केलं. वाटीतलं थोडं खमीर घालून मी मळलं. हातानं! आबांना दिसावं म्हणून मुद्दाम ओसरीवर बसून. पितळी उभ्या डब्याला तूप लावून आत गोळा ठेवला, वर फडकं, आणि डबा चुलीजवळ घोंगडीत गुंडाळला. पातेल्यात वाळू तापवली. बऱ्याच वेळानं डबा वाळूत रोवला, पातेल्यावर लोखंडी झाकण आणि झाकणावर गोवऱ्यांचे निखारे. असं भाजायचं बायकोला माहीत होतं. तिच्या माहेरी दिवाळीला नानकटाई अशीच भाजायचे.

पाव निघाला तो लोढणं! म्हशीच्या गळ्यात बांधावा असा. आबांनी हातात घेऊन पाहिला.

"दाराला टेकू लावा ह्याचा. वाऱ्यानं आदळतंय."

मी इतका पेटलो की दुसऱ्या दिवशी शेतावरही गेलो नाही. पुन्हा मळलं, पुन्हा घोंगडी. मधे एकदा बायकोनं फडकं उचलून पाहिलं तर डब्यात पीठ दुप्पट! ती ओरडली, "आवं, आलं, आलं! वर आलं!" मी धावलो. खरंच, टम्म फुगलेलं, तान्ह्या पोराच्या गालासारखं. मी आनंदानं नाचतच वाळू आणायला मागच्या दारी गेलो, ती गोवऱ्या आणायला. परत आलो, वाळू तापल्यावर डबा तसाच फडक्यासकट उचलून तीत ठेवला, फडकं ओढून आत न बघताच झाकण टाकलं. वाट बघितली. उघडलं.

पुन्हा लोढणं.

म्हटलं, छावणीतल्या चुलीला काही वेगळं असेल, आपल्या गावाला पाव लाभत नाही. पण बायको तो पाव उजेडात धरून बघत होती.

"हे बघा जरा. ह्याच्यावर बोटं हायत."

होती. पावाच्या माथ्यावर भाकरीवर उमटतात तशी बोटं. आणि त्यातली करंगळी आखूड. आमच्या घरात आखूड करंगळी एकाच माणसाची, लहानपणी विळ्यानं कापलेली.

आई!

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग काय करू? पीठ उतू चाललं होतं. थापून सारखं केलं. काल बी केलं होतं, तवा कुणी काय बोललं न्हाई."

"आत्याबाई, ते फुगायलाच ठेवलं होतं!" बायको म्हणाली.

"मला काय ठावं? जलमभर भाकरी थापली. पीठ दिसलं का हात जातोच."

ओसरीवरून कसला तरी आवाज आला. खोकला वाटला, म्हणून मी पळत गेलो. आबा हसत होते. तापातून उठल्यापासून पहिल्यांदा! हसता हसता त्यांना धाप लागली. "आरं, तिनं मला बी असंच थापून सारखं केलंय," म्हणाले.

बारस उजाडली. उपासानं आबांचा आवाज खोल गेला होता, पण हुकूम तोच. आईला म्हणाले, "भाकरीचं पीठ मळून ठेव. पोराचं न्हाई जमलं तर लगेच भाकरी टाकायची." परातीत ज्वारीचं पीठ मळलेलं, तव्याखाली जाळ तयार. शेजारी माझा डबा घोंगडीत. मी आईच्या हातांकडे बघत होतो आणि आई डब्याकडे. तिची बोटं परातीच्या काठावर थापल्यासारखी हलत होती. डब्यातलं पीठ काठापर्यंत आलं आणि ती उठलीच.

"तू हिकडं ये," आबा बाजेवरून म्हणाले. "माझं पाय दाब."

"आत्ता?"

"आत्ताच. दोन्ही हातांनी."

आई चिडून बसली. मी जपून डबा वाळूत ठेवला. निखारे मी मांडले, बायकोनं फुंकले. हळूहळू वास सुटला. काय वास हो तो! अम्माच्या दारातला वास आमच्या घरात! म्हैससुद्धा मान वळवून बघायला लागली. चिमट्यानं झाकण उचललं तर पाव डब्याच्या वर डोकं काढून बसलेला. तांबूस, गोल, पागोट्यासारखा.

मी हात भाजत तो ताटात पालथा केला आणि आबांपुढे ठेवला. त्यांनी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. पोकळ वाजला.

"ताडी?"

"दही आन बडीशेप."

"दही कुणाचं?"

"अम्माचं. दूध आपल्या म्हशीचं."

ते म्हशीकडे बघत राहिले. मग पाव मोडला, वाफ वर आली. दुधाच्या वाटीत बुडवून घास तोंडात ठेवला. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. माळ हलली. घास खाली उतरला, आणि उतरलेला राहिला. दुसरा घेतला, तोही राहिला.

आईचे हात पायांवरच थांबले होते. "भाकरी टाकू का?" तिनं हळूच विचारलं.

आबांच्या तोंडात घास होता. त्यांनी नुसता हात हलवला आणि रिकामी वाटी सुनेपुढे केली. "पोरी, दूध घाल."

"बघा, बघा!" आई उसळून उठली. "एवढी वरसं भाकरी घातली, एकदा तरी अशी वाटी पुढं केली का माझ्यापुढं?" डोळे पुसत ती चुलीपाशी गेली आणि आमच्यासाठी भाकरी थापायला बसली. थापण्याचा आवाज शेजारच्या घरी गेला असेल, इतका जोरात.