सिताबाईचा अंगठा

सिताबाईचा अंगठा मशीनला लागत नव्हता, आणि लागणार तरी कसा? चाळीस वर्षं बांधकामांवर तिनं उघड्या हातांनी सिमेंट कालवलं. बोटांवरच्या रेषा केव्हाच लोकांच्या भिंतींत गेल्या. तामलवाडीतली निम्मी घरं तिच्या हातची, पण रेशन दुकानातल्या मशीनला त्याचं काय कौतुक. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, गव्हाचा दाणा मिळाला नाही. दुकानदार शांतलिंगनं लिंबू चोळायला लावलं, खोबरेल लावून पाहिलं, बोट कपाळावरून फिरवायला सांगितलं. मशीन ढिम्म.

"सलग तीन महिने धान्य उचललं न्हाय तर कार्ड बंद होतंय, मावशी," तो म्हणाला. एकट्या बाईचं कार्ड बंद म्हणजे चूल बंद, हे त्यानं वेगळं सांगायची गरज नव्हती.

सिताबाई ख्रिस्ती. गावात तशी सात घरं आणि पत्र्याचं एक प्रार्थनाघर. एक जानेवारीच्या सकाळी तिथं वचनपेटी फिरते. पेटीत चिठ्ठ्या, चिठ्ठीवर बायबलमधलं एकेक वचन. डोळे मिटून जी हाती येईल ती वर्षभरासाठी आपली, बदलून मिळत नाही. सिताबाईला आलं ते असं, की देवानं तुला आपल्या तळहातावर कोरून ठेवलंय. पाळकांनी वाचून दाखवलं आणि बाई तिथंच ढसाढसा रडली. एवढ्या चिठ्ठ्यांतून नेमकं हाताचंच वचन निघावं, याला ती योगायोग मानायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन दुकानात हजर.

शांतलिंग भला माणूस. "अंगठा लागत नसंल तर नॉमिनी द्या," तो म्हणाला. "तुमच्या बदली दुसऱ्यानं अंगठा लावायचा."

"लिही मग. परमेश्वर. नातं, बाप."

"मावशी, नॉमिनी ह्याच दुकानाचा कार्डधारक लागतो."

"मग त्याचं कार्ड काढायला काय लागतंय?"

"रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो," शांतलिंग सवयीनं सांगून गेला, आणि मग त्यानं कपाळाला हात लावला. "तुमच्या शेजारची नसीमबी हाय की. तिचं नाव लिहू?"

"न्हाय. देवानं शब्द दिल्यावर म्या दुसऱ्याचा अंगठा हुडकला, तर त्याला काय वाटंल?"

शांतलिंगनं नॉमिनीचा फॉर्म परत खणात ठेवला.

सिताबाई रोज चिठ्ठी छातीशी धरून रांगेत उभी राहू लागली. एके दिवशी रांगेत तिच्या पुढं असलेल्या बलभीमचा अंगठा लागेना. त्यानं गंमत म्हणून चिठ्ठीला बोट लावलं, तेच पुन्हा मशीनवर ठेवलं, आणि मशीननं लगेच पावती काढली. झालं. तेव्हापासून रांग आधी सिताबाईकडं, मग मशीनकडं. खंडोबाचे भक्त आले, पाच वेळचे नमाजी आले. सगळ्यांचे अंगठे लागले, एक सिताबाईचा सोडून. बोटं लागून लागून चिठ्ठी काळी पडली, अक्षर दिसेना.

जानेवारीची एकतीस तारीख उजाडली, तिसऱ्या महिन्याचा शेवटचा दिवस. दोन वेळच्या भाकरीची आता एक वेळ झाली होती. रांग संपली, शांतलिंग मशीन आवरू लागला, तशी सिताबाई पायरीवर बसली आणि वर बघून भांडायलाच लागली. "गावाला दिलंस. माझंच तुला जड झालं व्हय? हातावर कोरलंय म्हणतोस, तर हात जरा खाली कर की." राग खरा होता, आणि भूकही खरी होती.

नसीमबी पिशवी उचलून निघाली होती, ती थांबली. दोघींची तीस वर्षं भिंतीला भिंत. ती मागं फिरली, फॉर्म ओढला आणि सिताबाईपुढं ठेवला.

"देवाकडं कार्ड न्हाय, माझ्याकडं हाय. अंगठा उठव, सिता. तुझ्या देवाशी मी बोलते नंतर."

सिताबाईनं शाईचा अंगठा उठवला. नुसता काळा ठिपका उमटला, तो शांतलिंगनं चालवून घेतला. नसीमबीचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला आणि गहू मापात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमबी राखेनं कढई घासत बसली होती. सिताबाईनं ती तिच्या हातातून काढून घेतली. "सरक. तुझा अंगठा झिजला तर म्या काय खाऊ?"

तेव्हापासून नसीमबीची भांडी, धुणं, सारवण सगळं सिताबाई करते. नसीमबीनं नको म्हणून पाहिलं, भांडून पाहिलं. आता ती ओट्यावर हात मांडीत घेऊन नुसती बसलेली असते, आणि कुणी विचारलं की वैतागून सांगते, "कशालाच हात लावू देत न्हाय. म्हणते, हा हात देवाचा हाय."