ढगात न गेलेले कॅप्टन

कुठलाही काटा दिसला की त्याच्या काचेवर ते आधी दोन टिचक्या मारायचे. वाण्याचा वजनकाटा असो, पेट्रोल पंपावरचं हवा भरायचं मीटर असो, नाहीतर डॉक्टरांचं बीपीचं यंत्र. टिचक्या मारायच्या, मान तिरकी करून बघायचं आणि समाधानाने म्हणायचं, "शरीर खोटं बोलतं हो. काट्याला खोटं बोलायचं काही कारण नसतं." डॉक्टरांच्या यंत्राला तर त्यांनी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधलेला असताना टिचक्या मारल्या होत्या. त्या दिवशी बीपी किती आलं ते डॉक्टरांनी सांगितलंच नाही, नुसते हात जोडले.

तुम्ही महाड-पोलादपूरकडचे असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चालता चालता मधेच थांबून ढग बघायची सवय. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत, पण त्यांनी विमान कधी चालवलं नव्हतं. वैमानिक घडवणाऱ्या एका संस्थेत ते तीस-पस्तीस वर्षं सिम्युलेटरवर शिकवत होते. म्हणजे एका बंद खोलीत खोटं कॉकपिट, त्यात होतकरू वैमानिक बसलेला, आणि हे बाहेर बसून त्याच्यावर खोटे ढग सोडणार. "हजारो तास ढगात काढलेत मी," ते सांगायचे, "सगळे पंख्याखाली." निवृत्तीनंतर त्यांनी पोलादपूरला घर बांधलं.

माझं महाडला मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. चौसष्टाव्या वर्षी ते माझ्याकडे गाडी शिकायला आले. मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला मास्तर. आता या वयात कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बायकोला माहेरी न्यायचंय."

काकींचं माहेर अंबेनळी घाटातली एक वाडी. काकांच्या नोकरीपायी त्या इतकी वर्षं लांब लांब राहिल्या आणि भावाला राखी बांधायला जाणं फार थोड्या वेळा जमलं. आता भावाचे गुडघे गेले होते, त्याला वाडी सोडून खाली उतरता येत नव्हतं. पण जिभेचे गुडघे शाबूत होते. "इमानाचं मास्तर नि माझ्या बहिणीला यष्टीत उभी आणतात," हे तो दर वेळी ऐकवायचा. काकींनी एकदाच सांगून टाकलं होतं, की यंदा राखीला मी तुमच्या गाडीत बसून जाईन, नाहीतर जाणार नाय. काकांनी शब्द दिला होता. हातात चार महिने होते.

चार महिने पुष्कळ झाले, असं मला पहिल्या दिवशी नाते गावच्या रस्त्याला लागेपर्यंत वाटत होतं. काकांनी गाडी सुरू केली आणि नजर जी काट्यांवर लावली ती काढली नाही. वर तोंडाने चालू, "वेग वीस. पेट्रोल अर्धं. तापमान ठीक. पुन्हा वेग..."

"काका, समोर म्हैस!"

"कुठल्या काट्यावर?"

आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, म्हणून ती म्हैस वाचली. काकांना बिलकूल वाईट वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गवंड्याची पाणसळ घेऊन आले आणि चिकटपट्टीने डॅशबोर्डवर बसवली. गाडी चढावर आहे की उतारावर, हे त्यातला बुडबुडा सांगणार होता. काचेतून बाहेर बघितलं तर रस्ताही तेच सांगतो, असं मी म्हणालो. काका माझ्याकडे दयेने बघत राहिले.

मग एकदा माझ्या ऑफिसशेजारच्या सलूनमध्ये त्यांनी मला खुर्चीत बसवलं. न्हाव्याच्या टॉवेलने डोळे बांधले आणि न्हाव्याला खुर्ची हळूहळू, एकसारखी फिरवायला सांगितली. "कुठे फिरताय ते सांगत राहा, मास्तर." मी म्हणालो, डावीकडे. थोड्या वेळाने खुर्ची थांबल्यासारखी वाटली, तसं सांगितलं. दुकानात कोणीतरी खुसखुसलं. आणखी थोड्या वेळाने मी छातीठोकपणे म्हणालो, "आता उजवीकडे." सगळं दुकान हसायला लागलं. टॉवेल काढला तर खुर्ची ठप्प उभी होती आणि न्हावी हात बांधून भिंतीला टेकला होता. मधे जेव्हा मी थांबलो म्हणत होतो, तेव्हा मी मस्त गरगरत होतो.

"तांब्यात पाणी घेऊन तांब्या फिरवा," काका म्हणाले. "आधी पाणी मागे राहतं, मग तांब्याबरोबर फिरायला लागतं. तांब्या थांबला तरी पाणी फिरतच राहतं. तुमच्या कानात तेच पाणी आहे, आणि तुम्ही त्याच्या भरवशावर चालता. शंभर वर्षांपूर्वी एका मुरलेल्या वैमानिकाला असंच खुर्चीत बसवलं होतं. तोही तुमच्यासारखाच रागावला."

त्या दिवशी चहा थंड होईपर्यंत ते बोलत होते. सुरुवातीचे वैमानिक खाली नदी नाहीतर रेल्वेचे रूळ बघत जायचे. ढगात शिरले की त्यांना वाटायचं आपण सरळ चाललोय, आणि विमान गोल गोल फिरत खाली येत असायचं. माणसाचं राहू द्या, दोघा हट्टी माणसांनी कबुतरांचे डोळे बांधून त्यांना विमानातून सोडून बघितलं. कबुतरांनी पंख पसरले आणि कशीबशी खाली उतरली, उडालं एकही नाही. मग एकाने कॉकपिटवर कापडाचं टोपण घातलं, बाहेरचं काहीही दिसू दिलं नाही आणि नुसत्या काट्यांवर विमान वर नेलं, फिरवलं आणि उतरवलं. आणि ऑर्गन बनवणाऱ्यांच्या घरातल्या एकाने ऑर्गनचे भाते लावून जमिनीवरचं खोटं विमान केलं. सुरुवातीला ते लोकांनी करमणुकीला वापरलं. पुढे टपाल नेणारे वैमानिक खराब हवेत लागोपाठ मरायला लागले, तेव्हा सैन्याने ती पेटी घेतली.

"म्हणजे भजनाच्या पेटीवर विमान शिकवायचे?" मी विचारलं.

काकांचे डोळे भरून आले. "मास्तर, तीस वर्षं मी हे शिकवलं. इतकं नेमकं कोणी बोललं नाही." मी थट्टा केली होती हे सांगायचा धीर मला झाला नाही.

परीक्षेत ते दोनदा नापास झाले. इंग्रजी आठाचा आकडा काढायचा होता. पहिल्या खेपेला दोन खुंट्या पाडल्या, दुसऱ्या खेपेला तीन. दोन्ही वेळा खाली उतरून त्यांनी इन्स्पेक्टरसाहेबांना सांगितलं, की वेग मात्र बाराच्या वर जाऊ दिला नाही.

राखीपौर्णिमा आली. लायसन्स नव्हतं, पण शब्द होता. तेव्हा असं ठरलं, की माझी शिकवणीची गाडी न्यायची, पुढे-मागे लाल एल लावायचा, काकांनी चालवायची, मी शेजारी बसायचं. मागे काकी, मांडीवर नारळीभाताचा डबा. पोलादपूर सोडलं आणि काकी सुरू झाल्या, "अवो, वर बघा! काट्यात काय माझा भाव बसलाय?"

चार वळणं गेली आणि धुकं उतरलं. आधी दरी गेली, मग रस्ता, मग आमच्याच गाडीचं बॉनेट. काकांनी ताबडतोब गाडी बाजूला घेतली. "परत फिरू. ढगाचं शिक्षण नसलेल्या वैमानिकाला पहिली गोष्ट हीच शिकवतात. आत शिरलास, तर आलास तसा बाहेर जा."

इथे माझी मस्ती नडली. "काका, हा घाट मी डोळे मिटून चालवीन," असं म्हणून मी त्यांना उठवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसलो. काका माझ्या जागी गेले. शंभरएक पावलं गेलो असू, तेवढ्यात मलाही काही दिसेना. मग मीही गाडी डावीकडे तिरकी घेऊन थांबवली. इंजिन चालू, पहिला गिअर, पाय क्लच आणि ब्रेकवर.

आणि गाडी मागे सरकायला लागली.

मागे वळण, वळणाखाली दरी. "मागे चालली! गाडी मागे चालली!" असा ओरडलो, क्लच सोडला आणि ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर मारला. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. काकांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक तळापर्यंत दाबून धरला होता.

"काटा शून्य," ते शांतपणे म्हणाले. मग स्वतःचं दार किलकिलं करून त्यांनी खाली पाहिलं. "पण एकट्या काट्याचं ऐकायचं नसतं, दुसऱ्याला विचारायचं. चाकापाशी दगड आहे, तोही जागेवर. मास्तर, आपण थांबलेले आहोत."

तेव्हा मला उजवीकडे दिसलं. एक लांबलचक ट्रक आमच्या अगदी शेजारून मुंगीच्या पावलांनी वर चालला होता. सरकत होता तो, आणि मला वाटलं मी. तो धुक्यात विरला. मी दार उघडून पुढे जाऊन पाहिलं, तर आमच्या बंपरपासून दोन हातांवर कठड्याचे दगड होते आणि त्यापलीकडे नुसतं पांढरं. वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय. मी रस्त्यातच बसलो.

काका शेजारी येऊन बसले. मला वाटलं आता ऐकवणार. "म्हणूनच शिकवावं लागतं," एवढंच म्हणाले. "घाबरणं जात नाही. घाबरलेलं असताना काटा वाचायची सवय लागते. मी कधी खऱ्या ढगात बसलो नव्हतो, मास्तर. मला जमेल की नाही, माहीत नव्हतं."

"झालं तुमचं?" मागचं दार वाजलं. काकी डबा आणि छत्री घेऊन उतरल्या होत्या. "तुम्ही बसा काटं बघत. मी चालले."

"अगं, कुठे? काही दिसत नाही!"

"बघायचं काय त्यात? डावीकडं पऱ्याचं पाणी वाजतंय, पायाखाली कातळ लागलाय, नि वरनं भावाच्या गोठ्याचा वास येतोय. ही माझीच वाट हाय."

काका ताडकन उठून उभे राहिले. "तीन काटे!" ते ओरडले. "मास्तर, ऐकलंत? एकावर भरवसा नाही, तीन-तीन ताडून बघते! मी पोरांना हे शिकवता शिकवता म्हातारा झालो!"

"गप चला," काकी म्हणाल्या.

गाडी रस्त्याच्या पार बाहेर लावून, चारी दिवे लुकलुकत ठेवून आम्ही निघालो. पुढे काकी, त्यांच्या छत्रीचं टोक धरून काका, काकांचा शर्ट धरून मी. काका मधूनच मोबाईलमधलं होकायंत्र बघून उत्तर दिशा जाहीर करत होते आणि काकी म्हणत होत्या, उत्तर नाय, वर.

राखी बांधून झाली. भावाने सगळं ऐकून घेतलं, नारळीभात खाल्ला आणि विचारलं, "गाडी कुठं हाय?"

"खाली. धुक्यात."

"असंल," भाऊ म्हणाला. "मला दिसंल तवा मी मानीन, पावनं."

भावाचं ते बोलणं काकांपेक्षा मलाच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. काकींकडून जाड टॉवेल मागून घेतला आणि सगळा डॅशबोर्ड झाकून टाकला. पाणसळीसकट. काकांना दरदरून घाम फुटला. "मास्तर, मी आंधळा झालो!"

"तुमच्या त्या वैमानिकाने बाहेरचं झाकलं होतं," मी म्हणालो. "आपण आतलं झाकू."

ते खूप वेळ टॉवेलकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि नाते गावचा रस्ता बहुधा पहिल्यांदाच पाहिला. "अरे," ते म्हणाले, "इथे आंब्याची झाडं आहेत." तिसऱ्या परीक्षेत एकही खुंटी पडली नाही.

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. आमच्या धंद्यात असंच असतं, नापास होणारे रोज भेटतात आणि पास झालेले जातात. त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली. डिसेंबरात, हवा स्वच्छ असताना, काकींना घेऊन वाडीवर गेले. भावाने काठी टेकत गाडीभोवती पूर्ण फेरी मारली, टायरला लाथ मारून बघितली आणि शेवटी पुढच्या सीटवर बसून वाडीला दोन चकरा मारल्या, असं काकींनी मला फोनवर सांगितलं. पुढच्या वर्षी दोघं मुलीकडे राहायला गेली. पोलादपूरचं घर आता बंद असतं. मला त्यांची आठवण येते, आणि येते तेव्हा चांगलीच येते.

त्या डिसेंबरच्या सकाळी काकांनी मला येऊ नका म्हणून बजावलं होतं. मी गेलो नाही. फक्त पोलादपूरला, जिथून घाटाचा रस्ता फुटतो, तिथे एक काम काढून उभा राहिलो. गाडी आली. काकांनी मला पाहिलं नाही, ते समोर रस्ता बघत होते. शेजारी माझ्या जागेवर काकी होत्या. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, आणि त्या मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपल्या होत्या.