जोडवी सैल करून आणली

मी नर्सिंगच्या पोरींना शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवते. मूत्रपिंडाचा धडा आला की दरवर्षी घरी करायला एक काम देते. मोठ्या माणसांच्या घोट्याच्या जरा वर अंगठा दाबून धरा. उचलल्यावर खळगा तसाच राहिला तर अंगात पाणी साठतंय, म्हणजे डॉक्टर गाठा. "दमल्यामुळे पाय सुजले, असं माझ्या वर्गात कुणी म्हणायचं नाही," असा दमही भरते. काय तो माझा तोरा!

मी पनवेलच्या खांदा कॉलनीत राहते, आई-बाबा जवळच्या नेरे गावात. दर रविवारी जायचे. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी आई म्हणाली, "जोडवी रुततात गं. जरा सैल करून दे."

"पाय सुजलेत का?"

"दिसभर उभी असते, सुजनारच. त्यात काय हाय?"

"मग काढून ठेव थोडे दिवस."

"तुझा बाप जिता हाय, काढू कशी?"

बाबा ओटीवर बसून हसले. मीही हसले आणि तिला स्कूटरवर बसवून पनवेलला सोनाराकडे नेलं. त्यानं तेल लावून जोडवी काढली, रुंद केली, तिथंच परत घातली. सहा महिन्यांनी पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला सोनारच म्हणाला, "ताई, आता आणखी ताणली तर तुटतील. मोठी करून घ्या."

मी मोठी करून घेतली! त्या दिवाळीला तिच्या पाया पडले, आणि वर म्हणाले, "छान दिसतात गं नवी." अगं बये, हात त्याच पायांवर होता की तुझा. अंगठा दाबायला काय झालं होतं?

पुढं तिला धाप लागायला लागली, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं आक्रसली होती. डॉक्टरांनी सूज कधीपासून म्हणून विचारलं.

"झाली की दोन वरसं," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवून मोठ्या कौतुकानं सांगितलं, "माझी लेक ह्येच शिकवते."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. अंगात साठलेलं पाणी यंत्र ओढून घेतं. गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही, हे मीच फळ्यावर लिहिते. यंदा एका पोरीला तिच्या आजीच्या पायावर खळगा सापडला, आजी वेळेत दवाखान्यात पोचली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला त्या पोरीचा राग आला, आणि स्वतःची किळस.

परवा डायलिसिस चालू असताना आईच्या बोटातलं जोडवं गळून खाली पडलं. मी उचललं.

"आवळून आन गं," ती म्हणाली. "लई सैल केलीस."

मी तिचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. तिच्या पायावर, आयुष्यात पहिल्यांदा. खळगा पडला नाही. नुसतं हाड लागलं.