आखूड दस्त्याची रायफल

मी भूलतज्ज्ञ. दिवसभर मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये लोकांना झोपवते आणि गुरुवारी संध्याकाळी क्लबात जाऊन नेमबाजी करते. पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीमध्ये रायफल हातात आली होती, ती पन्नाशीत इथे पुन्हा आली. हळूहळू जुन्या, एकावेळी एकच गोळी घेणाऱ्या रायफलींचं वेड लागलं. खालचा लिव्हर ओढायचा, एक काडतूस ठेवायचं, बंद करायचं. दुसरी गोळी हवी तर सगळं पहिल्यापासून. माझ्यासारख्या घाई करणाऱ्या बाईला ते मानवलं.

पहिल्या वेळी लायसन्ससाठी पोलिसातल्या बाई घरी आल्या, भिंतीला पक्कं ठोकलेलं लोखंडी कपाट हलवून बघितलं आणि नवऱ्याला विचारलं, "तुमची काही हरकत?" तो म्हणाला, "हरकत बंदुकीला नाही. डायनिंग टेबलावर तिच्या तेलाचे डाग पडतील, त्यांना आहे."

त्या कपाटात आज चार रायफली आहेत. चौथीची ही गोष्ट.

क्लबातले एक वयस्कर सभासद वारले. त्यांची रायफल रीतीप्रमाणे बंदुकांच्या डीलरकडे गेली. ती क्लबातल्याच कुणीतरी घ्यावी, असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं होतं. मी घेतली. नळी आतून स्वच्छ होती, पण खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्यावर काळपट व्हार्निशचे थरच्या थर चढले होते. ते उतरवायला मला बरेच रविवार लागले. जिथे लाकूड दबलं होतं तिथे ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली. वाफेनं लाकूड फुगून वर येतं. मग जवसाचं तेल, बोटांनी, थोडं थोडं. खालून अक्रोडाचा मधासारखा रंग निघाला.

आणि तेव्हा दिसलं, की दस्ता मागून कापलेला आहे. करवतीचा कट जरा तिरकाच गेला होता. मी बुटकी, म्हणून मला तो खांद्याला अगदी बरोबर बसत होता. पण मूळ रूपात आणायची तर लाकूड जोडून लांबी वाढवायला हवी होती. तसं करण्याआधी त्यांच्या पत्नीला विचारावं असं वाटलं. फोन केला.

"वाढवू नका," त्या चटकन म्हणाल्या. "ती माझी लांबी आहे."

"म्हणजे रायफल तुमची होती?"

"आधी त्याची. लग्न झालं, मलाही शिकायचं होतं, आणि त्याच्या रायफलीला माझा हात पुरेना. त्यानं एका दुपारी स्वयंपाकघरात करवत घेतली. मी ओरडत होते, अरे नको, नको. नंतर त्याला ती कधीच नीट धरता आली नाही. पुढे तो क्लबाचीच रायफल वापरत राहिला, पण त्यानं कधी कुरकुर केली नाही."

मी विचारलं, "मग तुम्ही थांबलात कधी?"

"मुलं झाली. मग राहिलंच. तो मात्र ती दर महिन्याला पुसायचा. मला वाटायचं, विकून का टाकत नाही?"

क्लबाच्या पाहुण्यांच्या दिवशी मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. आडवं पडून नेम धरणं त्यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं, म्हणून बाकासमोर खुर्ची दिली. त्यांनी दस्ता खांद्याला लावला, गाल लाकडावर टेकवला आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मला वाटलं, रडताहेत. पण त्या श्वास सोडत होत्या, संथ, पद्धतशीर. ऑपरेशनच्या टेबलावर असा श्वास मी रोज बघते. सगळं ठीक चाललंय असं सांगणारा.

पहिली गोळी कागदाबाहेर गेली. "चष्मा," त्या म्हणाल्या आणि दुसरा चष्मा काढला. त्यानंतरच्या सगळ्या कागदावर होत्या, आणि एक तर काळ्या वर्तुळाच्या मधोमध.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रायफल तुम्हीच ठेवा. मला कपाट, पोलीस, ते सगळं नको. पण सभासद व्हायचा फॉर्म कुठे मिळतो?"

त्या सभासद झाल्या. आता दर गुरुवारी आम्ही दोघी जातो, एकच रायफल आळीपाळीनं वापरतो. माझ्यापेक्षा त्यांचा नेम चांगला आहे. मी ट्रिगर झटक्यानं ओढते असं त्यांचं ठाम मत आहे, आणि चहा पिताना त्या ते सगळ्यांसमोर सांगतात.