दिग्रसची आवक यवतमाळला दिसू लागली

कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेला, शेतात लाल्या रोग, आणि दिग्रसच्या ज्या जिनिंग कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बसायचे तिथे वजनकाट्यावर येणाऱ्या गाड्या दर हंगामाला कमी होत चाललेल्या. मालक यवतमाळला राहायचे. रोज संध्याकाळी मी त्यांना फोन करून दिवसाची आवक सांगायचे. आकडा ऐकून ते लगेच फोन ठेवत नसत. "उद्याचं काय वाटते तुले?" असं विचारत. मॅनेजर माझ्या शेजारी बसलेले असायचे, पण विचारत मला. हा प्रश्न ऐकायला मिळावा म्हणूनच मी दिवसभर खपते की काय, असं मला कधीकधी वाटे.

एका दिवाळीनंतर मालकांनी ठरवलं की आवक त्यांना यवतमाळच्या ऑफिसातूनच बघता आली पाहिजे. वजनांचा सगळा डेटाबेस आमच्या सर्व्हरवर होता. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातलं एक जुनं मशीन, ज्यावर कापसाची रुई बसू नये म्हणून मी ओढणीचा तुकडा टाकून ठेवायचे. तो डेटाबेस मीच बांधला होता. पण बाहेरून जोडणी करायला मालकांनी नागपूरच्या कंपनीचं माणूस बोलावलं, आणि जीपमधून उतरली ती माझी मैत्रीण.

यवतमाळच्या कॉम्प्युटर क्लासात आम्ही एका बाकावर होतो. येताना-जाताना एसटीत एका सीटवर, डबा एकच. परीक्षेत मी तिच्या पुढे होते. मग तिच्या भावाने तिला नागपूरला नेलं, आणि मला घरच्यांनी घराजवळची नोकरी बघून दिली. आता तिचे केस खांद्यापर्यंत कापलेले, पाठीला लॅपटॉपची बॅग. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "मला माहीतच नव्हतं तू इथे आहेस." 'मले' म्हणणारी पोरगी 'मला' म्हणत होती. तेवढ्यानेच मला तिचा हेवा वाटला.

मॅनेजरने स्वतःची खुर्ची तिला दिली. मला म्हणाले, "पोरी, मॅडमसाठी चहा सांग." आम्ही दोघी एकाच वयाच्या.

ती कामाला लागली, मी मागे उभी राहिले. डेटाबेस तोवर फक्त स्वतःच्याच मशीनवरून आलेलं बोलणं ऐकायचा. बाहेरून कोणी हाक मारली तर ओ द्यायचा नाही. तिने ती अट काढली, यवतमाळसाठी वेगळा युजर केला, त्याला फक्त त्या ऑफिसच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून आणि फक्त बघण्यापुरती परवानगी दिली. मग फायरवॉलमध्ये तेवढीच एक वाट मोकळी केली आणि राउटरला सांगितलं की तिकडून येणारं सर्व्हरकडे पाठव. मला यातलं बहुतेक पुस्तकातून माहीत होतं. तिच्या हाताला ते माहीत होतं. तिची बोटं बघताना मला वाटत होतं, माझी बोटं याच वर्षांत काय करत होती?

तरी यवतमाळहून फोन आला की जोडलं जात नाही. तिने दोनदा तपासलं, आणि मग स्क्रीनकडे बघत स्वतःशीच पुटपुटली, "काहून नाही होऊन राह्यलं हे?"

मला हसू यायला हवं होतं. उलट आणखीच जळले. तिच्याजवळ नागपूरही होतं आणि आमची बोलीही तिने सोडलेली नव्हती.

परवानगीच्या ओळीत यवतमाळच्या पत्त्याचा एक आकडा चुकला होता. तिने तो नीट केला आणि जोडणी झाली. तिकडे मालकांना सकाळपासूनच्या गाड्या दिसल्या. मॅनेजरने पेढे मागवले. पेढे यायच्या आत लाईट गेली. परत आली तेव्हा सर्व्हर सुरू झाला, पण यवतमाळला काहीच दिसेना. ती पुन्हा सगळ्या ओळी तपासू लागली. मी राउटरचं पान उघडून पाहिलं आणि म्हटलं, "आपला पत्ता बदलला. लाईट गेली की टेलिफोनवाले नवीन देतात."

ती कपाळाला हात लावून हसली. नवा पत्ता यवतमाळला सांगितला, आणि आवक दिसू लागली. मॅनेजर म्हणाले, "मॅडमनं बरोबर पकडलं." तिने त्यांना थांबवून सांगितलं, की मी नाही, हिने पकडलं. मालकांनाही फोनवर तेच सांगितलं, शिवाय डेटाबेस फार नेटका बांधलाय म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. मला त्याचाच राग आला. तिने श्रेय घेतलं असतं तर मला तिच्यावर मनसोक्त चिडता आलं असतं.

कायमचा पत्ता मिळायला टेलिफोन ऑफिसात अर्ज करावा लागला. तोवर लाईट येऊन-जाऊन असायची आणि दर वेळी मी नवा पत्ता सांगायला मालकांना फोन करायचे. इतर सगळे लोडशेडिंगला शिव्या देत होते, मी मात्र तेवढ्यावरच खूश होते. मग कायमचा पत्ता आला. संध्याकाळचा फोनही बंद झाला. मालक स्वतःच आकडा बघायचे, आणि उद्याचं काय वाटतं हे विचारायचं त्यांना कारण उरलं नाही.

त्याच हंगामात घाटंजीची जिनिंगही जोडायची ठरली. मॅनेजर नागपूरला फोन लावायला निघाले. मी म्हटलं, "कायले बोलावता तिले? मी करते."

ते दारातून वळून म्हणाले, "जमन का तुले?"

जमलं. पहिल्या झटक्यात नाही, दुपारपर्यंत घाम फुटला, पण घाटंजीच्या गाड्या यवतमाळला दिसल्या. मालकांनी फोन करून शाबासकी दिली, आणि तिलाही त्यांनीच कळवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ती मनापासून खूश होती. नागपूरला ये, आमच्याकडे माणसं हवीत, असं म्हणाली. मी घरच्यांना विचारते म्हटलं, तिच्या नव्या घराची चौकशी केली. तिच्या मागे ट्रॅफिकचे हॉर्न वाजत होते. बोलणं संपलं तरी मी रिसीव्हर कानाला धरून होते, आणि छातीतली जळजळ काही कमी झाली नव्हती.