वळचणीचा कप

मुलांनो, तुमच्याकडे प्लास्टिकचे पेले बंद झाले, हे तुम्ही फोनवर आनंदाने सांगितलंत, म्हणून आजच हे लिहिते.

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. बोरीच्या स्टँडवरच्या हॉटेलात तेव्हा प्लास्टिकचे पेले नुकतेच आले होते. मी घरून स्टीलचा पेला नेई. "बाई, आमच्या पेल्याचा इटाळ व्हतो का?" हॉटेलवाला दरवेळी हसायचा.

एकदा कापूस वेचून आलेली एक बाई शेजारी बसली. प्लास्टिकचा पेला दोन्ही हातांत धरून ती सावकाश चहा पीत होती. मी सवयीने समजावलं, "मावशी, हे मातीत कुजत नाही."

"न्हाई कुजलं तर न्हाई," ती म्हणाली. "आमच्या जातीचा कप येगळा, त्या वळचणीला असायचा. बाहीर उभं राहून प्यायचा, आमीच इसळून ठेवायचा. ह्यो पिऊन फेकायचा, म्हून सगळ्यांला सारखाच."

मी वर पाहिलं. दांडी तुटलेला कप तिथे खरंच होता. मी हादरले. इतकी वर्षं मी त्याच बाकावर चहा प्यायले होते आणि तो मला कधी दिसला नव्हता.

प्लास्टिक वाईटच, हे माझं मत अजून कायम आहे. ते कुणाला ऐकवताना जीभ अडखळते, तेही अजून तसंच आहे.